तरुण मुलाच्या मनात आत्महत्येचे विचार असतील तर: नाशिकमधील पालकांसाठी मार्गदर्शक

आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या जिवाची भीती वाटू लागली आहे, पण सुरुवात कुठून करावी हे सुचत नाही, अशा आईवडिलांसाठी हा लेख आहे. आमच्या घराने काही वर्षांपूर्वी हा काळ पाहिला. मुलगा तेव्हा बारावीनंतर एक वर्ष थांबून प्रवेश परीक्षेची तयारी करत होता. आज तो बरा आहे, शिकतो आहे, आणि हा मजकूर मी त्याला वाचायला देऊन, त्याच्या संमतीनेच लिहिते आहे. कोणाला फोन करायचा, कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, पोलिसांचे काय, नातेवाइकांना काय सांगायचे, हे सगळे आम्हाला दहा ठिकाणी विचारत गोळा करावे लागले. ते तुम्हाला एका जागी मिळावे, एवढाच हेतू आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. जीव देण्याची ऊर्मी कायम एकाच जोराने राहत नाही. ती चढते आणि ओसरते, आणि तिचा सर्वांत तीव्र टप्पा पुष्कळदा काही मिनिटांचा किंवा काही तासांचा असतो. दुःखाचे मूळ शोधणे, मार्क, प्रेमप्रकरण, कर्ज, मित्रांशी झालेले भांडण, यांवर बोलणे नंतर होऊ शकते. ती वेळ टळेपर्यंत मूल एकटे पडू नये आणि त्याच्या हाताशी घातक काही असू नये, हे मात्र आजच आणि आपल्यालाच पाहायचे असते.

१. धोका याच क्षणी असेल तर

मुलाने जीव देणार असल्याचे सांगितले असेल, निरोपाचा मेसेज किंवा चिठ्ठी लिहिली असेल, किंवा स्वतःला इजा केली असेल, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका. घरातील एका मोठ्या माणसाने त्याच्याजवळ, त्याच खोलीत बसावे आणि दुसऱ्याने फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२. घरात एकच मोठे माणूस असेल तर शेजाऱ्यांना हाक मारा. अशा वेळी अब्रूचा विचार करत बसू नये.

त्याने काही प्यायल्याची किंवा गोळ्या घेतल्याची नुसती शंका असली तरी ‘अजून तर बरा दिसतो’ म्हणून थांबू नका, कारण काही विषांचे परिणाम उशिरा दिसतात. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे किंवा कोणताही घरगुती उपाय करणे टाळा. बाटली, डबा, गोळ्यांचे रिकामे पाकीट जे काही सापडेल ते सोबत घ्या, कारण त्यावरील नाव वाचून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात. नाशिक शहरात त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, रात्रंदिवस चालू असते; तालुक्यात असाल तर जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. खासगी रुग्णालय जवळ असेल तर तिथे जा. ‘आधी पोलीस केस करा, मग हात लावू’ असे कोणी म्हणाले, तर तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे, हे शांतपणे पण ठामपणे सांगा.

२. बदल ओळखा

वाढत्या वयात चिडचिड, एकलकोंडेपणा थोडाफार असतोच. काळजीचे काय, तर जो बदल काही आठवडे टिकतो आणि मुलाच्या मूळ स्वभावाशी जुळत नाही तो. झोप पार उडणे किंवा दिवसभर झोपून राहणे, जेवण तुटणे, आवडीचे क्रिकेट किंवा गाणे सुटणे, मित्रांचे फोन न घेणे, हातावर जखमा असल्यामुळे उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे, दारू किंवा इतर नशा वाढणे, अशा खुणा एकत्र दिसू लागल्या तर थांबू नका.

बोलण्याकडेही कान असू द्या. ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रासच आहे’, ‘मी नसलो तर बरे होईल’, ‘आता काही उपयोग नाही’ ही वाक्ये तो बोलता बोलता टाकून जातो आणि आपण ती रागाच्या भरातली समजतो. आवडत्या वस्तू वाटून टाकणे, सर्वांचा निरोप घेतल्यासारखे बोलणे, आणि बरेच दिवस अस्वस्थ असलेले मूल एकाएकी अगदी शांत होणे, ही विशेष गंभीर चिन्हे आहेत. ‘जो बोलतो तो करत नाही’ हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. आत्महत्या करणाऱ्या अनेकांनी आधी कोणाजवळ तरी सूचक बोललेले असते. याआधी एकदा प्रयत्न झालेला असेल तर तो धोक्याचा सर्वांत मोठा इशारा समजा.

३. स्पष्ट शब्दांत विचारा

सर्वांत अवघड पायरी हीच आहे आणि बहुतेक पालक हिलाच टाळतात. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, ही भीती निराधार आहे. उलट, थेट विचारल्यावर मुलाला हायसे वाटते, कारण इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट कोणीतरी नाव घेऊन विचारलेली असते.

वेळ निवडताना घाई नको, पण दिवसही ढकलू नका. समोरासमोर खुर्च्या मांडून चौकशी केल्यासारखे बसण्यापेक्षा एखादे काम करत शेजारी बसणे बरे. आम्ही हे बोलणे मेथी निवडताना केले. हात जुडीत गुंतलेले होते, नजर एकमेकांच्या चेहऱ्यावर नव्हती, आणि मध्ये बराच वेळ कोणी काही बोलले नाही तरी ते अवघड वाटले नाही. त्याच्यासमोर निवडलेल्या पानांपेक्षा खुडून टाकलेल्या देठांचा ढीग मोठा होत गेला, आणि त्यानंतर तो बोलू लागला.

शब्द साधे ठेवा. ‘बाळा, गेले काही दिवस तू नीट जेवत नाहीस, रात्रभर जागा असतोस, मला तुझी काळजी वाटते. जगू नये असे तुझ्या मनात येते का? जीव द्यावा असे वाटते का?’ उत्तर ‘हो’ आले तर रडू, राग, उपदेश हे सगळे काही काळ बाजूला ठेवून पुढचे प्रश्न विचारा: असे किती दिवसांपासून वाटते आहे, कसे करायचे हे ठरवले आहे का, त्यासाठी काही आणून ठेवले आहे का, कधी करायचे असे मनात आहे का. हे विचारताना आवाज थरथरला तरी चालेल. योजना ठरलेली असेल आणि साधन हाताशी असेल तर ही तातडीची वेळ आहे, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

‘आम्ही तुला काय कमी केले?’, ‘लोक काय म्हणतील?’, ‘अमक्याचा मुलगा बघ’, ‘असले विचार भित्री माणसे करतात’, ‘तू गेलास तर आम्हीही जगणार नाही’, ही वाक्ये कितीही ओठांवर आली तरी गिळा. त्यांतील प्रत्येक वाक्याने त्याच्या अपराधी भावनेत भर पडते. त्याऐवजी ‘तू मला सांगितलेस हे फार बरे केलेस’, ‘यातून आपण मिळून मार्ग काढू’, ‘मी इथेच आहे’ एवढे म्हणणे पुरेसे असते. एक सावधगिरी महत्त्वाची आहे. ‘कोणालाही सांगणार नाही अशी शपथ घे’ असे तो म्हणाला तर ती शपथ घेऊ नका. ‘तुझा जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना सांगावे लागेल, त्यापलीकडे कोणाला सांगायचे ते तुला विचारून ठरवू’ असे खरे ते सांगा आणि तो शब्द पाळा.

मूल तुमच्याशी बोलत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. मामा, आत्या, मोठी चुलत बहीण, क्रिकेटचे सर, ज्याच्याशी त्याचे जुळते त्याला मध्ये घ्या. त्याला स्वतःला फोनवर बोलणे सोपे वाटत असेल तर टेलि मानस ही केंद्र सरकारची सेवा आहे: १४४१६ किंवा १८०० ८९१ ४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. पालकही आपल्या शंका घेऊन हाच नंबर फिरवू शकतात. मूल १८ वर्षांखालील असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांकही आहे.

४. घर सुरक्षित करा

ज्या दिवशी उत्तर ‘हो’ आले, त्याच दिवशी हे काम करायचे. ‘ज्याला करायचे तो कसेही करतो’ असे पुष्कळजण म्हणतात, पण जगभरातील अनुभव उलटा आहे: हाताशी असलेले साधन दूर केले की अनेक जीव वाचतात, कारण तीव्र टप्पा साधन शोधण्याआधीच ओसरतो.

निफाड, दिंडोरी, चांदवड भागातील घरांसाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फवारणीची औषधे. द्राक्षबागेची किंवा कांद्याची औषधे ओसरीत, पलंगाखाली, मोटरच्या खोलीत उघडी पडलेली असतात. ती घरात मुळीच ठेवू नका. नातेवाइकाच्या किंवा शेजाऱ्याच्या कुलूपबंद खोलीत हलवा, लागेल तेवढीच आणा, उरलेली त्याच दिवशी परत पाठवा आणि किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवा. उंदरांचे औषध, ढेकणांचे औषध, ॲसिड, फिनेल यांचेही तसेच करा.

शहरातील घरात गोळ्यांकडे पाहा. आजोबांच्या रक्तदाबाच्या, आजीच्या मधुमेहाच्या, कधीतरी उरलेल्या झोपेच्या आणि तापाच्या, अशा सगळ्या गोळ्या एका डब्यात उघड्यावर असतात. जुन्या आणि अर्धवट राहिलेल्या काढून टाका. आम्ही स्टीलच्या एका डब्याला छोटे कुलूप लावले होते. दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या मोजून काढायच्या, पाकिटातून त्या दिवशीचाच तुकडा कात्रीने कापून हातात द्यायचा, आणि गोळी गिळेपर्यंत पाण्याचा पेला घेऊन जवळ उभे राहायचे. मुलाची स्वतःची औषधेही महिनाभराची एकदम त्याच्या ताब्यात देऊ नका. औषधांच्या दुकानदाराला विश्वासात घेऊन थोडी थोडी आणता येतात.

गच्चीची किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे असू द्या. त्यांना पूर्ण कारण सांगण्याची गरज नाही. धारदार वस्तू, दोर, जादा ओढण्या त्याच्या खोलीतून हलवा आणि खोलीची व न्हाणीघराची आतली कडी काही दिवस लावायची नाही असे त्याच्याशी बोलून ठरवा. हे सगळे चोरून करू नका. ‘तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही, वाईट वेळ आली तर ती टळावी म्हणून’ असे सांगून करा.

५. डॉक्टरांकडे जा

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हे वैद्यकीय पदवीनंतर मानसोपचारात शिकलेले डॉक्टर असतात आणि औषधे तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, चाचण्या घेतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि ती विचारायला संकोच करू नये. जिवाचा धोका असेल तेव्हा आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जा. ‘काउन्सेलर’ अशी पाटी कोणीही लावू शकतो, हे लक्षात ठेवा.

सिव्हिलमध्ये केसपेपर काढून मानसोपचाराच्या ओपीडीत जाता येते, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. सकाळी लवकर पोहोचा, गर्दी असते. आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही दाखवता येते. खासगी डॉक्टरांची वेळ आठ-दहा दिवसांनी मिळत असेल तर फोनवर ‘मुलाच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत’ हे शब्द स्पष्ट वापरा. नुसते ‘टेन्शन आहे’ म्हणालात तर तुमचा नंबर रांगेतच राहील.

जाताना सोबत ठेवा:

- मुलाचे आणि एका पालकाचे आधार कार्ड, आरोग्य विम्याचे कार्ड
- आधीच्या आजारांचे कागद, चालू औषधांची पाकिटे, कशाची ॲलर्जी असल्यास ती
- घराण्यात कोणाला मानसिक आजार किंवा आत्महत्येचा इतिहास असल्यास त्याची माहिती. लाजेपोटी लपवू नका
- एका कागदावर लिहिलेली तारीखवार टिपणे: झोप, जेवण, बोललेली वाक्ये, झालेली इजा

हे शेवटचे टिपण सर्वांत उपयोगी पडते. डॉक्टरांसमोर पालक गोंधळतात आणि मूल ‘मी ठीक आहे’ म्हणते. कागद मात्र विसरत नाही. डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलतील तेव्हा बाहेर बसा आणि नंतर ‘काय विचारले?’ म्हणून उलटतपासणी घेऊ नका.

औषधांबाबत दोन गोष्टी. नैराश्याची औषधे लगेच गुण देत नाहीत, त्यांना साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. तसेच २५ वर्षांखालील रुग्णांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा मात्रा बदलल्यावर अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात लक्ष अधिक ठेवा आणि तसे दिसताच डॉक्टरांना कळवा. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

डॉक्टरांनी दाखल करायला सांगितले तर घाबरू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार १८ वर्षांखालील मुलाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा सोबतीला असलेले माणूस पूर्ण काळ त्याच्याजवळ राहते. मुलगी असेल तर तिच्यासोबत बाईमाणूस असावे लागते.

६. सुरक्षा योजना लिहून काढा

डॉक्टर किंवा समुपदेशक ही योजना मुलासोबत बसून करून देतात, पण ती मुलाच्या स्वतःच्या शब्दांत हवी. तिच्यात क्रमाने असते ते असे: वाईट वेळ येत असल्याची माझी चिन्हे कोणती, तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, कोणत्या माणसांत किंवा जागी गेल्यावर मन वळते, कोणाला सांगून मदत मागेन, डॉक्टर आणि हेल्पलाइनचे क्रमांक, आणि घर सुरक्षित ठेवण्यासाठी काय ठरले आहे. ‘व्यायाम करीन’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘खाली जाऊन सायकल पुसेन’ असे लिहिलेले प्रत्यक्षात घडते. एक प्रत त्याच्या मोबाइलमध्ये, एक तुमच्याकडे. ‘असे काही करणार नाही’ असे वचन लिहून घेण्यावर मात्र विसंबू नका. त्याने सुरक्षितता येत नाही, मूल फक्त बोलायचे थांबते.

७. पोलीस, कायदा आणि विमा

प्रयत्न झालेला असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवते आणि जबाब नोंदवला जातो. या भीतीने अनेक घरे मुलाला रुग्णालयात नेत नाहीत किंवा ‘चुकून प्यायला’ असे सांगतात, आणि मग मानसोपचार राहूनच जातात. वर उल्लेख केलेल्या कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. उलट तिला उपचार मिळवून देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ सारखे कलमही नाही. जबाब देताना खरे सांगा.

मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देण्याचे बंधन त्याच कायद्याने कंपन्यांवर घातले आहे. तरीही तुमच्या पॉलिसीतील अटी लेखी विचारून घ्या, आणि ओपीडीचा खर्च बहुधा खिशातून करावा लागेल असे धरून चाला.

८. शाळा, क्लास आणि नातेवाईक

कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासमधील रोजच्या चाचण्या आणि भिंतीवर लागणाऱ्या क्रमवाऱ्या काही काळ थांबवता येतात, हे कोणी पालकांना सांगत नाही. वर्गशिक्षक किंवा प्राचार्य यांपैकी एकाच व्यक्तीला, मुलाला विचारून, आवश्यक तेवढेच सांगा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे; तो आहे का ते विचारा. दहावी-बारावीच्या निकालाच्या आदल्या रात्रीपासून घरात कोणीतरी थांबा. नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, हे निकालाआधीच बोलून ठेवा.

नातेवाईक सल्ले देतील. त्र्यंबकेश्वरला शांती करून घ्या, बाहेरची बाधा आहे, लग्न लावून द्या म्हणजे सुधारेल. श्रद्धा असेल तर पूजा जरूर करा, पण तिच्यासाठी डॉक्टरांची एकही तारीख चुकवू नका, आणि भगताकडे नेऊन मुलाला आणखी घाबरवू नका. लग्न हा यावरचा उपचार नव्हे. त्यात दुसऱ्या एका जिवाची फरफट होते.

९. पुढचे काही महिने

रुग्णालयातून घरी आल्यावर सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण घरी परतल्यानंतरचे दिवस आणि आठवडे हाच मोठ्या जोखमीचा काळ असतो. म्हणून पुढच्या तपासणीची तारीख घेतल्याशिवाय घरी येऊ नका आणि पहिली भेट आठवड्याभरात व्हावी असा आग्रह धरा. सोबतीची पाळी ठरवा, म्हणजे एकाच माणसावर भार येत नाही. पहारा आणि सोबत यांतला फरक मुलाला लगेच कळतो. दर दहा मिनिटांनी दारातून डोकावण्यापेक्षा त्याच खोलीत आपले काम घेऊन बसा. त्याच्या मोबाइलची झडती घेऊ नका, पण रात्री मोबाइल सगळ्यांचेच बैठकीत चार्जिंगला लावायचे असा घराचा नियम करता येतो. झोप सुधारली की बरेच काही सुधारते.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. दोन आठवडे चांगले गेल्यावर एक वाईट दिवस येतो, तेव्हा सुरक्षा योजनेचा कागद काढायचा आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. ‘आता विचार येतात का?’ हा प्रश्न पुढेही अधूनमधून विचारत राहा.

तुमची स्वतःची झोप आणि जेवण सांभाळा, आणि गरज वाटली तर स्वतःसाठीही डॉक्टरांची वेळ घ्या. धाकट्या भावंडांना अंधारात ठेवू नका. घरात काहीतरी घडते आहे हे त्यांना कळतेच, आणि न सांगितल्यास ती दोष स्वतःवर घेतात. त्यांच्या वयाला झेपेल असे सांगा: ‘दादाला बरे नाही, डॉक्टर औषध देत आहेत, हे तुझ्यामुळे झालेले नाही. दादा कधी भीती वाटेल असे काही बोलला तर लगेच आम्हाला सांग; आम्ही घरी नसलो तर शेजारच्या काकूंना सांग.’ आणि त्या काकूंना हे आधी सांगून ठेवा.